स्टाउनिंग, टोर्वाल्ड
(२६ ऑक्टोबर १८७३ – ३ मे १९४२). डेन्मार्कमधील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता आणि दोन वेळा पंतप्रधान (१९२४–२६ व १९२९–४२). डॅनिश कल्याणकारी राज्याची पायाभरणी त्याच्या कारकिर्दीत झाली आणि जर्मनांनी देश व्यापला तेव्हाही तोच पंतप्रधान होता. त्याच्याविषयी लिहिताना या दोन्ही गोष्टी एकत्र घ्याव्या लागतात.

त्याचा जन्म कोपनहेगनमध्ये, गाड्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच झाले आणि लहान वयातच तो तंबाखूच्या कारखान्यात लागला. तयार सिगार रंगछटेप्रमाणे निवडून लावणे हे त्याचे काम. या कामगारांच्या संघटनेचे नेतृत्व त्याच्याकडे १८९६ मध्ये आले आणि दोन वर्षांत तो पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. हिशेब ठेवणे, वर्गणी गोळा करणे, सभा लावणे, मिटेपर्यंत भांडण चिघळू न देणे, असे सगळे बिनचकाकीचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. १९०६ मध्ये तो फोल्केटिंगवर (कनिष्ठ सभागृहावर) निवडून गेला आणि मृत्यूपर्यंत तेथे होता. १९१० मध्ये तो पक्षाध्यक्ष झाला. सिद्धान्तकार म्हणून त्याची गणना कोणी केली नाही; बैठकीतून काहीतरी पदरात पाडून घेऊन उठणारा माणूस अशी त्याची ख्याती होती.

‘बुर्झ्वा’ (मालक-मध्यमवर्गीय पक्षांच्या) सरकारात सामील व्हायचे नाही, ही पक्षाची जुनी भूमिका होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, कॅरिबियनमधील डॅनिश वेस्ट इंडीज बेटे अमेरिकेला विकण्याच्या वादात सर्वपक्षीय सहभागाची गरज पडली, तेव्हा ती मोडली. सप्टेंबर १९१६ मध्ये स्टाउनिंग बिनखात्याचा मंत्री झाला. डेन्मार्कमधला तो पहिला सोशल डेमोक्रॅट मंत्री. गेर्सन ट्रियर या जुन्या मार्क्सवाद्याने निषेध म्हणून पक्षच सोडला. १९२० च्या ईस्टरमध्ये राजा दहावा क्रिस्टियन याने जर्मनीलगतच्या श्लेस्विग प्रदेशाच्या सीमेच्या वादातून संसदेतील बहुमत न विचारता सरकार बरखास्त केले. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संपाची धमकी दिली, प्रजासत्ताकाच्या घोषणाही झाल्या. स्टाउनिंगने मात्र राजवाड्यात जाऊन तडजोड घडवली. राजा राहिला, आणि संसदेच्या इच्छेविरुद्ध सरकार नेमण्याचा राजाचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये पुन्हा झाला नाही.

२३ एप्रिल १९२४ रोजी त्याने पहिले सरकार बनवले. त्यात इतिहासकार नीना बांग हिला शिक्षणमंत्री केले. संसदीय लोकशाहीच्या सरकारातील ती पहिली स्त्री मंत्री मानली जाते. हे सरकार अल्पमतातले होते. वरिष्ठ सभागृह लान्सटिंग हे विरोधकांच्या हाती असल्याने शस्त्रकपातीसारखे मोठे बेत अडले आणि १९२६ च्या अखेरीस सरकार गेले. १९२९ मध्ये तो परतला, या वेळी रॅडिकल (सामाजिक उदारमतवादी) पक्षाला सोबत घेऊन. ही युती १९४० पर्यंत टिकली.

त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण १९३३ चे आहे. जागतिक मंदीत डॅनिश लोणी आणि बेकन यांचे भाव कोसळले होते. विमाधारक कामगारांपैकी सुमारे ४० टक्के बेकार होते आणि मालकांच्या संघटनेने मजुरीत कपात मागून टाळेबंदीची नोटीस दिली होती. जानेवारीच्या शेवटी कान्सलरगाडे या रस्त्यावरील स्टाउनिंगच्या घरी रात्रभर वाटाघाटी झाल्या आणि ३० जानेवारीच्या पहाटे समझोता झाला. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चान्सलर झाला. समझोता व्हेन्स्ट्रे पक्षाशी होता. या नावाचा शब्दार्थ ‘डावा’, पण हा पक्ष शेतकऱ्यांचा आणि उदारमतवाद्यांचा, हे नवख्या वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. टाळेबंदी कायद्याने रोखून मजुरीचे करार वर्षभर वाढवले, शेतकऱ्यांसाठी क्रोन या डॅनिश चलनाचे मूल्य घटवले, आणि समाजकल्याणमंत्री के. के. स्टाइन्के याच्या सुधारणांची वाट मोकळी झाली. स्टाइन्केने मदत आणि विम्याचे ५५ जुने कायदे ४ कायद्यांत बसवले. त्यामुळे गरिबांची मदत दानाच्या मर्जीतून निघून हक्काकडे सरकली. कामगारांच्या पक्षाने शेतकऱ्यांना चलनात सवलत दिली आणि बदल्यात शहरी गरिबांसाठी कायदे घेतले: एवढाच त्या रात्रीचा सौदा होता, आणि तो दोघांनाही पचला.

१९३५ च्या निवडणुकीत ‘स्टाउनिंग किंवा अनागोंदी’ ही घोषणा गाजली. लांब दाढीचा, धिप्पाड, पितृतुल्य वाटणारा पंतप्रधान पोस्टरांवरून घराघरात पोहोचला. पक्षाला ४६ टक्क्यांवर मते पडली. इतका वाटा त्याला त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. त्याच उन्हाळ्यात हजारो असंतुष्ट शेतकरी राजाकडे गाऱ्हाणे घेऊन कोपनहेगनमध्ये उतरले होते. राजाने त्यांना सरकारकडेच पाठवले.

लान्सटिंग रद्द करण्याचा त्याचा प्रयत्न मात्र थोडक्यात फसला. २३ मे १९३९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी जवळपास ९२ टक्क्यांनी नवी घटना स्वीकारली, पण अट एकूण मतदारांच्या ४५ टक्के संमतीची होती आणि आकडा ४४.४६ वर थांबला. वरिष्ठ सभागृह त्यानंतर १९५३ मध्ये गेले. निकालानंतर तो खचला. पक्षाध्यक्षपद त्याच वर्षी हान्स हेडटोफ्टकडे गेले.

परराष्ट्र धोरणात त्याची भूमिका सावध, टीकाकारांच्या मते भित्री होती. १९३७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे त्याने विचारले होते की, उत्तर युरोपातील (नॉर्डिक) देशांच्या वतीने डेन्मार्कने साखळीला बांधलेल्या कुत्र्यासारखा पहारा द्यावा असे कोणी ठरवले आहे काय. नॉर्वे व स्वीडन यांना तो टोला होता. डेन्मार्कला संरक्षण करार नको, लष्कर लहान, आणि १९३९ मध्ये जर्मनीशी अनाक्रमण करार. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन सैन्य घुसले आणि काही तासांतच सरकारने शरणागती पत्करली. स्टाउनिंग पंतप्रधान राहिला, सर्वपक्षीय सरकार बनवले आणि शक्य तितके डॅनिश प्रशासन डॅनिश हातांत ठेवण्याचा मार्ग धरला. मार्च १९४१ मध्ये विद्यार्थी संघटनेतील भाषणात त्याने जर्मन नियोजित अर्थव्यवस्थेशी जुळवून घेण्याची भाषा वापरली. जनतेत राग पेटला. तो केवळ डाव होता की थकलेल्या माणसाची खरी समजूत, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आजारपणात पदावर असतानाच तो वारला. त्याच्या जागी आलेला व्हिल्हेल्म बूल नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन दबावाखाली पायउतार झाला.