लढाईची तलवार आणि मागावरची तलवार

इंग्लंडच्या केंट परगण्यात फिंगल्सहॅम इथे एक अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमन काळानंतर इंग्लंडात वसलेल्या जर्मनिक लोकांची, दफनभूमी आहे. तिथे सहाव्या शतकातली एक बाई पुरलेली सापडली. सोबत सोन्याची ठसा उठवलेली पातळ पदकं, कपड्याला लावायच्या भारी पिना, काचेचा पेला. आणि या सगळ्या थाटामाटात लोखंडाचं एक लांबलचक पातं.

तलवार? नाही. किंवा हो, पण मागावरची.

त्या काळचा उत्तर युरोपातला माग आपल्या हातमागासारखा आडवा नव्हता. भिंतीला टेकवून उभे केलेले दोन खांब, वर आडवी दांडी आणि तिच्यावरून खाली लोंबणारा ताणा, म्हणजे उभे धागे. ताण राहावा म्हणून धाग्यांच्या झुबक्यांना खाली मातीची भाजलेली कडी बांधलेली. कापड वरून सुरू होतं, म्हणजे बाण्याचा प्रत्येक आडवा धागा वरच्या बाजूला ठोकून बसवावा लागतो. आपल्याकडे हे काम फणी करते. तिथे ताण्याच्या दोन थरांमध्ये लांब पातं घालून खालून वर ठोसे देत. पातं लाकडाचं असे, देवमाशाच्या हाडाचं असे आणि क्वचित लोखंडाचं. या लोखंडी पात्यालाच पुरातत्त्वज्ञ विणकामाची तलवार म्हणतात.

दीड हजार वर्षं मातीत गंजलेल्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या तर पहिल्या नजरेत फरक कळणं कठीण. तो कळतो तो कामातून. लढाईची तलवार साधारण ९० सेंटीमीटरची, दोन्ही कडांना धार. मुठीपाशी आडवा अडसर आणि मुठीच्या शेवटी गोळा. ती म्यानात असायची, त्यामुळे गंजात लाकडाचे तंतू, चामडं, कधी म्यानाच्या आतल्या लोकरी अस्तराचे ठसेही सापडतात. मागावरच्या तलवारीला म्यान नाही, अडसर नाही. लांबीलाही ती सहसा कमी. काहींना मुठीच्या विरुद्ध टोकालाही छोटा खुंट असतो. आणि मुख्य म्हणजे तिच्या कडा बोथट. असायलाच हव्यात, नाहीतर पहिल्याच ठोक्याला ताणा तुटेल. मला विचाराल तर सगळा फरक या एका गोष्टीत आहे: एकीने कापायचं, दुसरीने चुकूनही कापायचं नाही.

पण मग क्ष-किरणाखाली गंमत होते. काही विणकामाच्या तलवारींच्या पोटात पीळ दिलेल्या लोखंडी सळ्यांची नक्षी दिसते. लोखंड पिळून, ठोकून, जोडून असं पातं घडवणं हे उत्तम तलवारी करणाऱ्या लोहाराचं काम. म्हणजे कुणाची तरी जुनी तलवार कापून, बोथट करून बाईच्या हाती आली असावी. ती वडिलांची होती की नवऱ्याची, हे लोखंड सांगत नाही.

असाच दुसरा घोळ भोक असलेल्या गोल चकतीचा. शाळेत टकळीवर सूत काढलेल्यांना ती लगेच ओळखू येईल: चातीला फिरतं ठेवणारं वजन. पण त्या काळी पुरुष तलवारीच्या मुठीला किंवा म्यानाला काचेचा, अंबरचा नाहीतर स्फटिकाचा मोठा मणी बांधत. आता एकटीच चकती मिळाली तर? बाईची कबर असेल तर टकळी, पुरुषाची असेल तर तलवारीचा मणी, असा सोपा निकाल लागतो. आणि कबर बाईची कशावरून? टकळी मिळाली म्हणून! हे चक्र कुणी मुद्दाम फिरवत नाही, पण ते फिरत राहतं.

स्वीडनमधल्या बिर्का इथल्या दहाव्या शतकातल्या एका कबरीने हे चांगलंच दाखवलं. पुरातत्त्वज्ञ याल्मार स्टोल्पे यांनी १८७८ मध्ये ती खणली. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे. अर्थातच पुरुष! शंभरावर वर्षं तसंच धरून चाललं होतं. २०१७ मध्ये हाडांच्या डीएनए तपासणीचा निष्कर्ष आला: बाई. त्यावर जे लोक कालपर्यंत ‘शस्त्रं म्हणजे योद्धा’ म्हणत होते, त्यांतल्या काहींना अचानक शंका सुचू लागली की शस्त्रं असली म्हणजे माणूस योद्धाच असतो असं थोडंच आहे. शंका रास्त आहे. ती १८७८ पासून विचारता आली असती.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. शरीर बाईचं की पुरुषाचं, हे हाडं, डीएनए, दातांचं आवरण सांगतं. पुरणाऱ्यांनी त्या व्यक्तीला काय म्हणून निरोप दिला, हे वस्तू सांगतात. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं जुळतात, कारण त्या समाजाच्या डोक्यातच ही विभागणी होती. ८९९ मध्ये वारलेल्या अँग्लो-सॅक्सन राजा आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात घराण्याच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या शाखेला खास नावं आहेत. तिथे शब्द आहेत भाल्याची बाजू आणि चातीची बाजू. जमीन शक्यतो भाल्याच्या बाजूला राहावी, ही इच्छाही तिथेच नोंदलेली.

तरी फिंगल्सहॅमची ती बाई दिवसभर मागापाशी उभी राहत असेल, असं मला वाटत नाही. लोखंडी विणकामाची तलवार मोजक्या आणि बहुधा श्रीमंत कबरींतच मिळते. घरात किती माग चालतात आणि कापड कुणाच्या हुकमाने विणलं जातं, याची ती खूण असावी, जशी कमरेला लावलेली किल्ल्यांची जुडी. रोज ठोके देणाऱ्या बायकांची लाकडी पाती कुजून गेली. मागाची मातीची कडी तर कबरीत जवळपास कुणी ठेवलीच नाहीत. ती सापडतात खड्ड्यावर बांधलेल्या सॅक्सन झोपड्यांच्या तळाशी, कधी कधी चक्क ओळीने, माग जिथे उभा होता तिथेच.