मासेमारी नौकांची स्थिरता

लाट, वारा किंवा जाळ्याचा ओढा यांमुळे कललेली नौका पुन्हा सरळ होते, ती तिची स्थिरता. मालवाहू जहाज बंदरात भरले की वाटेत त्याचे वजन फारसे हलत नाही. मच्छीमार नौका भर समुद्रात, हॅच (डेकवरची झाकणाची तोंडे) उघडी ठेवून आणि डोलत असतानाच माल भरते, त्यामुळे तिची स्थिरता एका फेरीत अनेकदा बदलते.

नौकेचे वजन गुरुत्वमध्यातून खाली दाबते, तर पाण्याचे प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर रेटते. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलून हा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो. कल लहान असताना तिथून वर काढलेली उभी रेषा नौकेच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेपर्यंत नौका सावरते; वर गेला की तीच बले तिला आणखी कलवतात. मासेमारी नौकांच्या सुरक्षेबाबतच्या 2012 च्या आंतरराष्ट्रीय केपटाऊन करारानुसार 24 मीटर व त्याहून लांब, एका डेकच्या नौकेत गुरुत्वमध्य ते मेटासेंटर हे अंतर किमान 35 सेंटीमीटर हवे. कोकणातले बहुतेक ट्रॉलर (जाळे मागे ओढत नेणाऱ्या नौका) याहून आखूड असतात. त्यांनाही हा आकडा अंदाजासाठी उपयोगी आहे. रुंदी वाढली की मेटासेंटर वर जाते. अरुंद होडीला उलांडी (बाजूला बांधलेला तरंगता ओंडका) लावतात, ती पाण्यावरचा पसारा वाढवण्यासाठीच.

हे अंतर अंदाजण्यासाठी बंदरातल्या शांत पाण्यात, दोर सैल सोडून नौका डोलवावी. एका बाजूपासून परत त्याच बाजूपर्यंतचे काही झोके मोजून सरासरी काढावी. एका झोक्याचे सेकंद साधारण 0.8 गुणिले रुंदी (मीटर), भागिले वरील अंतराचे (मीटरमध्ये) वर्गमूळ, इतके येतात. 5 मीटर रुंद नौकेला 5 सेकंद लागले तर अंतर सुमारे 64 सेंटीमीटर. 8 सेकंद लागले तर फक्त 25. संथ डोलणे खलाशांना सुखाचे वाटते, पण ते धोक्याचे लक्षण आहे. मोठ्या कलाला नौका किती टिकेल हे मात्र या चाचणीतून कळत नाही. ते पाण्यावरच्या काठाची उंची आणि बंद दारे-हॅच यांवर ठरते.

निघताना डिझेल आणि बर्फ तळाशी असतात. परतताना डिझेल संपत आलेले, बर्फ वितळलेला, भिजलेली जाळी आणि मासळी डेकवर. म्हणजे गुरुत्वमध्य वर चढलेला असतो, म्हणून मासळी लगेच खाली उतरवावी. कप्पीवरून लोंबणारी जाळ्याची थैली तर आपले सगळे वजन कप्पीच्या उंचीवर असल्यासारखे वागते.

खरा घातक प्रकार म्हणजे मोकळे हलणारे पाणी. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद डेकवर 20 सेंटीमीटर पाणी साचले तर ते जवळपास अडीच टन भरते आणि प्रत्येक कलाला खालच्या बाजूला धावते. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टाकीत मधोमध लांबीच्या दिशेने एक आडपडदा घातला की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. अर्धवट भरलेल्या टाक्या कमीत कमी ठेवाव्यात आणि मासळीच्या कप्प्यांत फळ्या बसवाव्यात. डेकवरचे पाणी जाण्याची भोके मासळी पडू नये म्हणून बुजवली जातात. ही सवय महाग पडते.

जाळे तळाला अडकले तर विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) जोराने ओढू नये. ओढा आडवा आला की काठ पाण्यात जातो. इंजिन मंदावून दोर सैल करावा आणि नाळ (पुढचे टोक) किंवा वरामा (मागचे टोक) अडकलेल्या जागेकडे आणावा. मागून येणाऱ्या लाटेच्या माथ्यावर नौका रेंगाळली की स्थिरता तात्पुरती घटते. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांत हे विशेष जाणवते. अशा वेळी वेग कमी करावा.

उंच केबिन, मोठे विंच किंवा ट्रॉलरवर पर्ससीन (मासळीला वेढणारे मोठे जाळे) बसवल्यावर जुने हिशेब निरुपयोगी ठरतात. तेव्हा कलचाचणी पुन्हा करावी लागते: ठरावीक वजन डेकवर ठरावीक अंतर आडवे सरकवतात, ओळंब्याने कल मोजतात आणि त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढतात.