दम लागला पाहिजे, पण किती?

कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या आबाजींना म्हटलं, सकाळी फिरायला येत चला. ते हसलेच. "म्या त दिवसभर वावरातच असतो ना बाप्पा, मले काहून पायजे फिरनं?" वय बहात्तर. यवतमाळकडच्या कुठल्याही पारावर हेच ऐकायला मिळेल, आणि वरवर पाहता ते बिनतोड आहे.

पण वेचणी कशी होते ते आठवा. कमरेत वाकायचं, बोंडाबोंडाशी थांबायचं, तासातून पुढे सरकायचं. पाठ मोडते, बोटं सोलवटतात, रात्री अंग ठणकतं. दम मात्र क्वचितच लागतो. थकणं वेगळं, धाप लागणं वेगळं. म्हातारपणी आठवण शाबूत कशी राहते हे शोधणाऱ्या मेंदूच्या अभ्यासकांचं लक्ष सध्या यातल्या दुसऱ्या गोष्टीवर, धाप लागण्यावर, जास्त आहे.

कष्टाळू माणसाला विसरभोळेपणाचा आजार होत नाही, असा आपला एक लाडका समज. देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आढळला, आणि खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघालं. शिक्षणाचा अभाव हे त्यामागचं एक मोठं कारण, पण समज मोडायला एवढं पुरे.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी आणि वाटा-जागा तो सांभाळतो. विळा कुठे ठेवला, कोणत्या धुऱ्यावरून आलो, वगैरे. वयानुसार तो आकसतो. 2011 मध्ये अमेरिकेत 120 ज्येष्ठांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षभर, आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं झपझप चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे 2 टक्के वाढला. नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा 1.4 टक्के घटला.

मग आणखी जोर लावला तर? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी 65 ते 85 वयाच्या लोकांचे तीन गट केले: हलका व्यायाम, मध्यम चालणं, आणि ट्रेडमिलवर चार-चार मिनिटांचे धाप लावणारे चार टप्पे. सहा महिन्यांनी जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत तिसराच गट सुधारला. 2024 मध्ये आलेल्या या निष्कर्षानुसार तो फायदा पाच वर्षांपर्यंत टिकला.

इथे लगेच निष्कर्षावर उडी मारू नये. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला सत्तरीपुढच्या लोकांना पाच वर्षं तसाच व्यायाम दिला. मेंदूच्या आकारमानात जोरकस गटाला काही जास्तीचं मिळालं नाही. अर्थात तुलनेसाठी घेतलेली मंडळीही घरी बसणारी नव्हती. सुरुवातीलाच ज्यांचा दमसास चांगला होता, त्यांचा मेंदू मात्र बऱ्या स्थितीत होता. माझ्या मते जोराचा फायदा शक्य आहे, पण सिद्ध झालाय असं म्हणणं घाईचं.

धाप लागल्यावर नेमकं काय होत असावं? स्नायूंत लॅक्टेट नावाचं द्रव्य तयार होतं, रक्तातून मेंदूपर्यंत जातं. उंदरांमध्ये ते बीडीएनएफ हे प्रथिन वाढवताना दिसलं. चेतापेशींना खतपाणी घालणारं हे प्रथिन.

जोर मोजायला घड्याळ लागत नाही. चालताना गप्पा मारता येतात पण भजन म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांवर बोलणं तुटलं की जास्त जोर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही. अशांनी आकड्यांपेक्षा भजनावर भिस्त ठेवावी. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर, मग रस्ता.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा त्याच चालीला हृदयाला जास्त राबावं लागतं. म्हणून झुंजुमुंजू असतानाच निघावं.

आबाजी आता पांदणीने मारुतीपर्यंत येतात. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत झपाझप, पुढचा खांब सावकाश. परवा झपाझप चालताना मी मुद्दाम तुरीचा भाव विचारला. हात हलवून म्हणाले, "थांब... पोरा..."