छपरावर मेड्युसा, टेबलाखाली स्फिंक्स

इ. स. पूर्व सहाव्या शतकातलं अथेन्सचं एखादं चित्रित भांडं नीट बघा. योद्धे, घोडे, देव, नवरी मुलगी, जवळजवळ सगळे एका बाजूने रंगवलेले असतात. नाक डावीकडे नाहीतर उजवीकडे. थेट तुमच्याकडे तोंड करून बघणारे फार थोडे, आणि त्यांत पहिला मान गॉर्गन नावाच्या राक्षसिणीचा. रुंद चेहरा, वटारलेले डोळे, फाकलेलं तोंड, सुळे, हनुवटीवर लोंबणारी जीभ, केसांत साप, आणि बाई असूनही कधीकधी चक्क दाढी.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. गॉर्गन तीन बहिणी, त्यांतली मेड्युसा एकटी मर्त्य. तिच्याकडे जो बघेल त्याचा दगड होतो. पर्सियस हा वीर अथीना देवीच्या मदतीने, मान वळवून तिचं डोकं छाटतो आणि पुढे ते डोकं अथीनाच्या छातीवरच्या कवचावर बसतं. पण नुसत्या गोष्टीवरून हा चेहरा असा का, याचा उलगडा होत नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये पर्सियसने तिला मारल्याची कथा नाहीच; आहे ते फक्त एक भयंकर डोकं, अथीनाच्या कवचावर आणि राजा अ‍ॅगामेम्नॉनच्या ढालीवर. म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेल्या साहित्यात मेड्युसा आधी दिसते ती वस्तूवरची नक्षी म्हणून. ग्रीक कलेतल्या या राक्षसिणींचं रूप पुष्कळदा जागेने आणि मालाने ठरवलं, हे एकदा लक्षात घेतलं की त्यांचे अर्धेअधिक चमत्कारिक अवयव समजू लागतात.

सुरुवातीला ठरलेलं रूप नव्हतंच. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात ग्रीसच्या बिओशिया भागातला एक मोठा मातीचा रांजण आहे, साधारण इ. स. पूर्व ६७० चा. त्यावर पर्सियस तोंड फिरवून जिचा गळा कापतोय त्या मेड्युसाला पायघोळ झग्यामागून घोड्याचं धड फुटलंय. साधारण त्याच काळातला अथेन्सजवळच्या एल्युसिसचा रांजण १.४२ मीटर उंच. त्यात एका दहा-बारा वर्षांच्या मुलाला पुरलं होतं. त्यावरच्या गॉर्गनींची डोकी म्हणजे काशाच्या हंड्या वाटतात, काठावरून साप बाहेर डोकावणाऱ्या. चित्रकाराला राक्षसीण कशी दिसते हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घरातल्या देखण्या आणि महागड्या धातूच्या भांड्यावरून ती रचली. पुढच्या शतकात मात्र चेहरा पक्का झाला: गोल, समोरून, जीभ बाहेर. ढाल गोल, पेल्याचा तळ गोल, छपराच्या कौलाचं तोंड अर्धगोल. बाजूचा चेहरा वर्तुळात बसवला की मागे रिकामी जागा उरते. समोरचा चेहरा ती पूर्ण भरतो.

छपराची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. ग्रीक देवळावर दोन प्रकारची कौलं असत. खाली रुंद तळकौल, आणि दोन तळकौलांच्या सांध्यावर अरुंद झाककौल. झाककौलांची ओळ वळचणीला येऊन संपली की तिचं तोंड उघडं राहतं. तिथून वारा आत शिरतो, पाऊस आडवा मारतो, पक्षी घरटी करतात. म्हणून त्या तोंडावर भाजक्या मातीचा एक उभा पत्रा बसवत, शेवटच्या कौलाला मागून जोडलेला. एका देवळाला असे डझनावारी लागत. एकसारखे डझनावारी नग हवेत म्हणजे साचा आला.

आधी कारागीर मातीत मूळ चेहरा घडवतो, तो भाजतो. त्यावर ओली माती दाबून उलटा साचा घेतो आणि तोही भाजतो. मग मोदकाच्या साच्यात उकड दाबावी तशी त्यात माती बोटांनी कानाकोपऱ्यात दाबायची. भाजलेला साचा पाणी शोषून घेतो, त्यामुळे काही वेळाने माती आकसून आपोआप सुटते. मातीत भाजक्या खापऱ्यांचा चुरा मिसळलेला असतो. तो नसेल तर जाड भाग वाळताना तडकतो, किंवा आत अडकलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होऊन नगाचं नाक उडतं. मागची बाजू बहुधा खडबडीतच सोडलेली असते आणि कारागिराच्या बोटांचे ठसे तिथे आजही दिसतात.

आता चेहऱ्याकडे पुन्हा बघा. सरळ मागे ओढून सुटेल अशीच उठावदार आकृती साच्यातून निघते. जी गोष्ट आत वळते ती अडकून मोडते. म्हणून जीभ हवेत लोंबत नाही, हनुवटीवर चिकटून पसरते. सुळे गालावर आडवे पडतात. मोकळे वळवळणारे साप साच्यातून निघणार नाहीत, तेव्हा केस म्हणजे कपाळावर गोल गोल वेटोळ्यांची रांग. ही सगळी विकृती भीतीपोटी सुचली असं नाही. तिच्यातला बराच भाग साच्याच्या सोयीचा आहे. भाजण्याआधी चेहऱ्यावर लाल, काळा, पांढरा असे मातीचे रंग चढवले की वीसेक पावलांवरूनही डोळे आणि दात उठून दिसतात.

वाळताना आणि भाजताना माती मिळून साधारण दहा टक्के आकसते. मूळ साचा झिजला किंवा दुसऱ्या गावच्या कारागिराला नक्कल हवी असली, तर तयार नगावरूनच नवा साचा घेतला जाई. असं प्रत्येक वेळी केलं की नग लहान होत जातो: २० सेंटीमीटरचा चेहरा १८ चा, पुढच्या पिढीत सुमारे १६ चा. शिवाय दात बोथट होतात, वेटोळी एकमेकांत मिसळतात. पुरातत्त्वज्ञ या मोजमापावरून मूळ कोण आणि नक्कल कोण हे ठरवतात. दक्षिण इटलीतल्या तारांतो शहरात असे मेड्युसाचे नग भरपूर सापडले आहेत. ते ओळीने मांडले तर दाढीवाल्या अक्राळविक्राळ चेहऱ्यापासून इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या सुंदर तरुणीपर्यंतचा सगळा प्रवास एका भिंतीवर दिसतो.

छपराखालच्या त्रिकोणात मेड्युसा पूर्ण अंगानिशी येते. कॉर्फू बेटावरचं आर्टेमिस देवीचं देऊळ साधारण इ. स. पूर्व ५८० चं. तिथल्या चुनखडीच्या मेड्युसाची उंची जवळजवळ तीन मीटर. एक गुडघा टेकल्यासारखा, हात-पाय वाकवलेले: ग्रीक कलेत ही धावण्याची खूण. तिच्या दोन बाजूंना तिची मुलं उभी आहेत, पेगासस घोडा आणि क्रायसाओर. गंमत अशी की ती दोघं तिचं डोकं उडाल्यावर मानेतून जन्मतात, आणि इथे तिचं डोकं शाबूत आहे. शिल्पकाराला प्रसंग सांगायचा नव्हताच. ही बाई कोण हे ओळखू आलं की त्याचं काम झालं.

पेल्यातली मेड्युसा वेगळ्या कसबाची. अथेन्सच्या रुंद, उथळ पेल्यांमध्ये आत तळाशी तिचा चेहरा असतो. वाइन संपत आली की ती वर येते. बाहेर दोन मोठे डोळे रंगवलेले. पिणारा पेला तोंडाला लावून कलंडवतो तेव्हा समोरच्याला त्याच्या जागी मुखवटा दिसतो, कड्या म्हणजे कान आणि बूड म्हणजे तोंड. चित्रकार आधी चाक फिरवून त्यावर कुंचला टेकवतो, की तळात नितळ वर्तुळ आपसूक मिळतं. चेहरा त्यात. लेप वाळला की अणकुचीदार अवजाराने दात आणि केस कोरायचे. हात हलला तर ती रेघ पुसता येत नाही.

या पेल्यांवरचा काळा रंग हा मुळात रंगच नाही. भांड्याचीच लोहयुक्त माती पाण्यात ढवळून, जाड कण खाली बसू देऊन, वरचा अतिबारीक गाळ घट्ट केला की लेप तयार. ओला असताना तो भांड्याच्या रंगाचाच तपकिरी दिसतो, त्यामुळे चित्रकार बराचसा अंदाजाने काम करतो. खरा खेळ भट्टीत. पहिल्या टप्प्यात हवा मोकळी, तापमान सुमारे ८०० अंश सेल्सिअस. सगळं लाल होतं. मग हवेची भोकं बंद करून ओलं लाकूड घालतात आणि तापमान ९०० च्या पुढे नेतात. कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, आख्खं भांडं काळं पडतं. याच वेळी लेपाचे बारीक कण वितळून काचेसारखा थर बनतो. शेवटी भोकं उघडून थंड होऊ देतात. भांड्याचं सच्छिद्र अंग पुन्हा ऑक्सिजन घेऊन लाल होतं. काचेत बंद झालेला लेप घेऊ शकत नाही, तो काळाच राहतो.

बिघडायला जागा भरपूर. दुसऱ्या टप्प्यात आच कमी पडली तर लेपाची काच होत नाही आणि शेवटी तोही लाल होतो. तिसरा टप्पा फार तापला किंवा लांबला तर काळ्याचं तपकिरी होतं. पेले एकात एक रचले असतील तर वरच्याचं बूड जिथे टेकलं तिथे वायू नीट पोचत नाही आणि खालच्या पेल्यात लालसर चकती उमटते. संग्रहालयातल्या नामांकित भांड्यांवरही असे डाग आहेत. बायकांची कातडी दाखवायला काळ्यावर पांढऱ्या मातीचा हात देण्याची पद्धत होती. हा थर कच्चा, सहज झडतो. कितीतरी गॉर्गनींना मात्र तो दिलेलाच नाही. बायकांत त्यांची गणना करावी की नाही, याविषयी चित्रकारांचं एकमत दिसत नाही.

मग पाचव्या शतकात ती सुंदर झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पॉलिग्नोटस या चित्रकाराच्या हातचं मानलेलं एक भांडं आहे, इ. स. पूर्व ४५०-४४० चं. त्यावर मेड्युसा गाढ झोपलीय, देखणी, पंख असलेली. पर्सियस विळा तिच्या मानेशी नेतो आणि तोंड फिरवतो. आता बघणाऱ्याला कणव येते ती तिची. म्युनिकमधला ‘रोन्दानिनी मेड्युसा’ हा संगमरवरी मुखवटा याच वाटेवरचा: केसांत छोटे पंख, हनुवटीखाली सापांची गाठ, थंड नजर. आणि नेपल्समधली ‘फार्नेझे’ वाटी, सुमारे २० सेंटीमीटर व्यासाची, थरांच्या सार्डोनिक्स दगडातून कोरलेली. आत देवदेवतांचा प्रसंग, बाहेर तळाला मेड्युसा. हा दगड धातूच्या अवजाराने कापला जात नाही. फिरत्या टोकावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून तो घासतात. एक ते दहाच्या मोजपट्टीवर दगडाचा कठीणपणा ७ च्या आसपास, कुरुंदाचा ९. फिकट आणि गडद थर कुठे बदलतो हे आधी ताडावं लागतं. एक थर जास्त घासला तर फिकट गालावर गडद डाग पडतो आणि तो परत भरता येत नाही.

सायरेन, म्हणजे बाईचं तोंड असलेला पक्षी, काशाच्या घागरींना कामी आली. उभ्या कडीच्या खालच्या टोकाला पंख पसरलेली सायरेन असते. पसरलेल्या पंखांमुळे घागरीच्या पोटाला टेकणारा पत्रा रुंद होतो आणि डाकाला, म्हणजे धातूच्या जोडाला, जास्त जागा मिळते. तरी डाक कालांतराने खराब होतोच, म्हणून अशा सायरेन घागरीवेगळ्या सुट्या सापडतात. तिला माशाची शेपटी मध्ययुगात लागली. ग्रीकांच्या राक्षसिणींत शेपटीवाली होती ती स्किला, कमरेतून कुत्र्यांची डोकी फुटलेली. होमरची सहा माना आणि बारा पायांची स्किला चितारणं कुणालाच फारसं झेपलं नाही.

स्फिंक्सचं नशीब सगळ्यांत मोठं. ग्रीक स्फिंक्स बाई आहे: सिंहाचं अंग, पंख, मागच्या पायांवर बसलेली. ही बैठक खांबाच्या टोकासाठी अगदी योग्य. नाक्सोस बेटाच्या लोकांनी डेल्फीच्या देवस्थानाला साधारण इ. स. पूर्व ५६० मध्ये अर्पण केलेली स्फिंक्स २.२२ मीटर उंच आहे आणि ती उंच खांबावर बसवली होती. अथेन्सच्या परिसरात ती थडग्यांच्या शिळांवर राखण करायची. रोमन घरांत ती खाली उतरली. पाँपेईच्या संगमरवरी टेबलांचे पाय पंखवाल्या प्राण्यांचे आहेत, कारण वर गेलेला पंख फळीचा भार घेतो आणि खालचा पंजा जमीन धरतो. १४८० च्या सुमारास रोममध्ये सम्राट नीरोचा गाडला गेलेला महाल सापडला, तेव्हा चित्रकार दोरांवरून आत उतरले आणि भिंतींवरच्या स्फिंक्स, वेलबुट्ट्या उतरवून आले. चित्रकार राफाएलच्या चमूने १५१९ पर्यंत व्हॅटिकनच्या सज्जात तीच नक्षी उभी केली, आणि तिथून ती छापील चित्रांमधून युरोपभरच्या सुतार-सोनारांकडे पोचली.

नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर पॅरिसला स्फिंक्सचं वेडच लागलं. खुर्च्यांचे हात, घड्याळं, मेणबत्तीचे स्टँड, सगळीकडे मुलामा दिलेल्या काशाच्या स्फिंक्स. हा मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखं मऊ मिश्रण बनवायचं, ते काशावर फासायचं आणि विस्तवावर धरायचं. ३५७ अंशांना पारा उकळून उडून जातो, सोनं चिकटून राहतं. उडालेला पारा कारागिराच्या फुप्फुसात. थरथरणारे हात, पडलेले दात, कमी आयुष्य हा त्या धंद्याचा शिरस्ता होता. काशाच्या वस्तू बनवणारा रावरिओ १८१४ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात यावर उपाय शोधणाऱ्यासाठी बक्षीस ठेवलं होतं. ते द'आर्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्याची भट्टी वाफ थेट धुराड्यात ओढून घेत असे.

लिलावात किंवा जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात अशी स्फिंक्स समोर आली, तर ती उलटी करून बघावी. पाऱ्याच्या मुलाम्यात पाठीमागे आणि तळाला बहुधा उघडं कासं दिसतं, कारण सोनं महाग आणि हाताने फासलेलं. १८४० नंतर विजेच्या मुलाम्याची पद्धत आली. त्यात नग आख्खा द्रावणात बुडतो, त्यामुळे आतल्या खोबणीपर्यंत एकसारखा, थोडा निर्जीव पिवळा रंग असतो. पंखांचा भाग झिलई देऊन चकचकीत आणि चेहरा मुद्दाम मॅट ठेवलेला असेल, तर ती जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता वाढते.