विदर्भातला लॅब्राडोर : पार्श्वभूमी

लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलँडच्या मच्छिमारांचे. बर्फगार पाण्यात जाळी ओढणारी ही कुत्री एकोणिसाव्या शतकात जहाजांवरून इंग्लंडात आली आणि शिकारीत पडलेलं बदक दात न रुतवता उचलून आणू लागली. १९०३ मध्ये तिथे जातीची स्वतंत्र नोंद झाली. दाट दुहेरी केस, बोटांमधला पडदा, बुडाशी जाड शेपूट हे सगळं त्या पाण्यासाठीच.

गावातल्या लॅब्राची आजची दुखणी समजून घ्यायची, तर २०१६-१७ ही दोन वर्षं जास्त महत्त्वाची. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राने पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणणं बंद केलं. रस्त्यावर इतकी बेवारस कुत्री असताना आणखी कशाला, आणि इथल्या हवेत न निभणाऱ्या जातींचे हाल का करायचे, ही बंदीची बाजू. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना पाहिलेल्या कुणालाही दुसरा मुद्दा खोडता येणार नाही. विरोधकांचं म्हणणं असं की बाहेरचं रक्त थांबलं की देशातल्या त्याच त्या नर-माद्यांत पैदास फिरत राहणार आणि खुब्याच्या सांध्याचं दुखणं पिढीगणिक पुढे जाणार. मे २०१७ मध्ये पैदाशीचे नियम आले: पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादीची आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नकोत. नियम चांगलेच आहेत. पण क्रम उलटा झाला. आधी इथल्या पैदाशीला शिस्त लावून मग आयातीला कुलूप घालायला हवं होतं. बंदर-विमानतळावर कुत्रा अडवता येतो, परसातलं वेत मोजायला कोण जाणार? म्हणून पिल्लू घेताना आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागावा. विकणारा टाळू लागला, तर तिथून उठावं.

२०१६ मध्येच ब्रिटनमधल्या संशोधनातून कळलं की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच नसतो. असा कुत्रा हावरा नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. उरलेल्या भाकरी आणि लग्नातल्या पंक्तीचं उष्टं दिवसभर मिळालं, तर वजन चढतं, खुबे दुखतात आणि ४५ अंशांत धाप आवरत नाही. जेवण मोजून, दोन वेळा द्यावं.

उन्हाळ्यात फिरवणं सूर्य उगवायच्या आत. दुपारी वाळ्याच्या कूलरसमोर जागा द्यावी, केस मात्र भादरू नयेत, ते उन्हालाही आडवे येतात. जीभ गडद लाल होऊन तोल जाऊ लागला, तर अंगावर साधं पाणी ओतत, वारा घालत लगेच दवाखाना गाठावा.

पाणी दिसलं की तो उडी मारतोच. मालगुजारी म्हणजे जुन्या गावतलावाच्या उतरत्या काठावरून तो सहज वर येतो, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातून नाही. नखं घसरतात आणि दमून तो बुडतो. तिथे कुंपणच हवं.

गोठ्याजवळ बांधत असाल, तर गोचिडांसाठी कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. हिरड्या फिकट पडून ताप आला, तर रक्त तपासून घ्यावं. ताडोबा-नागझिऱ्याभोवतीच्या गावांत लसीचं महत्त्व आणखी मोठं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत पसरलेला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कुत्र्यांमधून वाघ-बिबट्यांपर्यंत जाऊ शकतो. नुसत्या रेबीजच्या लसीने भागत नाही, डिस्टेंपर आणि पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा विषाणू) यांची एकत्र लस वेगळी टोचून घ्यावी लागते.