घामाबरोबर मीठही जातं

एप्रिल-मे महिन्यांत कोकणात तासभर धावून आलं की टी-शर्ट पिळून काढता येतो. तेवढंच नागपुरात धावलं तर शर्ट बराचसा कोरडा राहतो, कारण तिथल्या हवेत घाम निघतो तसा उडून जातो. घाम त्वचेवर सुकतो तेव्हाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पुरता सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मात्र तो सुकतच नाही, नुसता ओघळतो. गारवा मिळत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. तासाला एक-दीड लिटर घाम जाणं इथे नवलाचं नाही.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किंवा गुहागरच्या वाळूत पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुलं बघा. धावून झालं की बाटलीभर गार पाणी घटाघटा पितात. तहान भागते, बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने लघवीला जावं लागतं. दुपारी डोकं जड होतं, पाय ओढल्यासारखे वाटतात. एवढं पाणी प्यायलं तरी असं का, हा प्रश्न पडतो.

उत्तर त्याच टी-शर्टावर दिसतं. तो वाळला की पाठीवर आणि काखेत पांढरे चट्टे उमटतात. ते मीठ असतं. माणसागणिक फरक पडतो, पण एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. त्यावर नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मेंदूला ते लगेच कळतं. तो तहान बंद करतो आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरकही कमी करतो. शरीरात पाण्याची तूट असतानाच मूत्रपिंडं पाणी सोडायला लागतात. पेयात सोडियम कमी असेल तर घामाच्या दुप्पट प्यायलं तरी काही तासांत तूट पुन्हा दिसते, असं प्रयोगांत आढळलं आहे. प्यायलेलं पाणी अंगात टिकायचं तर सोबत मीठ हवं.

किती प्यायचं, हे वजनकाटा सांगतो. व्यायामाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ६० किलोचा मुलगा ५८.८ भरला तर सुमारे १.२ लिटर पाणी गेलं. लघवीवाटे थोडं जाणारच, म्हणून त्याने पुढच्या काही तासांत दीड ते १.८ लिटर प्यावं, तेही थोडं थोडं. एका दमात पोटात ओतलेलं पाणी लघवीवाटे जास्त जातं.

मिठाला साखरेची जोड का द्यायची, याचं कारण आतड्यात आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच जोडीच्या बळावर. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. प्रमाण अंदाजाने वाढवू नये.

आता शहाळं. कोकणात व्यायामानंतर पहिला हात शहाळ्याकडेच जातो आणि त्याचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम मात्र साधारणपणे बरंच कमी. घामातून जातं त्याच्या उलट. शहाळं जरूर प्यावं, पण चिमूटभर मीठ घालून किंवा सोबत काही खारट खाऊन. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये. अशा रुग्णांना हे पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं.

कोकमाच्या बाटलीतही फरक आहे. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. घाम गाळून आल्यावर आगळच घ्यावं, भरपूर पाण्यात, थोडी साखर घालून. मीठ घातलेलं ताकही उत्तम.

पण माझ्या लेखी पहिला मान पेजेचा. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे, वर दाटसर पांढरं पाणी येतं, त्यात मीठ. बाजूला आंब्याचं लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. भातातला स्टार्च आतड्यात हळूहळू सुटून ग्लुकोज देतो, म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही आली, गोडमिट्ट न होता. तांदळाच्या पेजेवर आधारलेली जलसंजीवनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर वापरली गेली आहे आणि ती गुणकारी ठरली आहे. न्याहारीला पेज मागे पडून पाव-बिस्किटं आली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अर्धा तास चालून आलेल्याने यातलं काही करायची गरज नाही. साधं पाणी आणि रोजचं जेवण पुरतं. रक्तदाब असलेल्यांनी तर उगाच मीठ वाढवूच नये. अति पाणी पिण्याचं उलट टोकही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा कमी झालं होतं. धावताना वजन वाढण्याइतकं पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. धावून आल्यावर कोणी बरळायला लागला, त्याला उलट्या किंवा झटके आले, तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

खरी अडचण मे महिन्यातल्या क्रिकेटच्या स्पर्धांत येते. एकाच दिवशी तीन-तीन सामने, मध्ये जेमतेम तास-दीड तास. एवढ्या वेळात सगळी तूट भरत नाही. तेव्हा सामना संपताच सावलीत बसावं, ओल्या पंच्याने अंग पुसून वारा घ्यावा म्हणजे पुढचा घाम तरी कमी होईल, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पेलाभर आगळाचं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक घ्यावं. उरलेली तूट रात्रीच्या जेवणात भरते. सकाळी वजन पूर्ववत नसेल आणि लघवी गडद पिवळी असेल, तर त्या दिवशी सराव हलका ठेवावा.