आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) उपचार चालू असताना घरातले कोणते प्लास्टिक आधी बदलावे?
(सोलापुरातील आमच्या स्टील भांडी दुकानाच्या ग्राहकांसाठी)

उपचार घेणाऱ्या ताई विचारतात, "सगळंच प्लास्टिक टाकून देऊ का?" तशी गरज नाही. गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ आधी प्लास्टिकमधून काढा. तांदूळ, डाळी, रवा जुन्या डब्यांतच राहू द्या.

पॉलिकार्बोनेट हे कडक पारदर्शक प्लास्टिक ज्यापासून बनते ते बीपीए हे रसायन शरीरात इस्ट्रोजेनसारखे वागते. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स त्यात घट्ट बांधलेली नसतात, म्हणून तेलात सहज उतरतात. बोस्टनमध्ये उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या लघवीत काही थॅलेट्सचे अंश जास्त होते त्यांची स्त्रीबीजे सरासरीने कमी मिळाली. यावरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून भांडी बदलली की दिवस जातील, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही.

दिलासा असा, की ही रसायने बहुतांशी एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. पण रोज नव्याने पोटात जातात. स्त्रीबीज वाढण्याचा शेवटचा टप्पा साधारण तीन महिन्यांचा असतो, तेव्हा जमल्यास स्त्रीबीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू होण्याआधी तीन महिने बदल करा. ती वेळ गेली असेल तर आजपासून करा.

पाण्याचा जार. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी 20 लिटरचा जार. तळाच्या त्रिकोणात 7 आकडा असेल आणि जार कडक, पारदर्शक असेल, तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे बीपीएपासूनच बनलेला. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तो टेम्पोत उन्हात तापतो, आणि तापला की बीपीए जास्त सुटते. घरी आल्यावर पाणी स्टीलमध्ये ओतले तरी उतरलेले परत जात नाही. त्यापेक्षा नळाचे पाणी गाळून, स्टीलच्या पातेल्यात उकळून, निववून ठेवा. चार माणसांना तोटी असलेले 15 लिटरचे स्टीलचे पिंप दिवसभर पुरते.

शेंगाचटणी. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटते आणि ती बरणीत महिनाभर राहते. तिला काचेची बरणीच हवी. लोणच्याचेही तेच. गरम आमटी, रस्सा पातळ पिशवीत बांधून घेऊ नका; घरून स्टीलचा डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनीमाती ठेवा.

'बीपीए-फ्री' छाप पाहून निश्चिंत होऊ नका. बीपीएऐवजी पुष्कळदा त्याच्याच जातीचे बीपीएस वापरतात आणि तेही हार्मोनवर तसाच परिणाम करू शकते. ॲल्युमिनियमच्या बाटलीला आतून बहुधा लेप असतो, ती स्टीलची समजून घेऊ नका. स्टील घेताना लोहचुंबकावर विसंबू नका: 202 या स्वस्त, कमी निकेलच्या स्टीललाही तो नीट चिकटत नाही. बिलावर '304' (जास्त निकेलचे, कमी गंजणारे स्टील) लिहून घ्या, आमच्याकडूनसुद्धा. डब्याच्या झाकणातली रिंग सिलिकॉनची आहे ना, तेही बघा.

दुकानांच्या छापील गुळगुळीत पावत्यांवरही बीपीए किंवा बीपीएस असते. क्रीम किंवा सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने त्या धरू नका.

इंजेक्शनची सिरिंज, सलाईनची नळी प्लास्टिकची असते म्हणून घाबरून उपचार थांबवू नका. फोलिक ॲसिडची गोळीही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा.

डब्याचा, बाटलीचा तळाचा आकडा वाचता येत नसेल तर दुकानात घेऊन या. पाहून सांगतो, काही विकत घ्यायलाच हवे असे नाही.